आबांच्या वस्तऱ्याला नवी मूठ करायची आहे – सल्ला हवा

धोकटी

नमस्कार मंडळी,

वाईजवळच्या आमच्या गावचं घर यंदा पाडायला घेतलं. माळ्यावरचं सामान उतरवताना आबांची, म्हणजे आजोबांची, धोकटी (न्हाव्याची हत्यारांची पिशवी) सापडली. चामडं वाळून पापड झालेलं. आत दोन कात्र्या, नखं काढायची नराणी, पितळी वाटी, चामोटीचा (वस्तरा परजायच्या चामडी पट्ट्याचा) तुकडा, मधोमध बशीसारखा झिजलेला निसणा (धार लावायचा दगड) आणि एक वस्तरा.

आबा गावचे न्हावी. बलुतं होतं, सुगीत खळ्यावरून धान्य यायचं. अण्णांनी (वडील) धंदा धरला नाही, ते एसटीत कंडक्टर झाले. मी दाढी मशीनने करतो. म्हणजे हा वस्तरा आमच्याकडे निदान चाळीस वर्षं कुणी उघडलेला नाही. मी उघडायला गेलो तर उघडेना. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवला तेव्हा कुठे हलला.

पात्याच्या मानेवर ठसा आहे. एक चांदणी, शेजारी एक क्रॉस, मग इंग्रजीत ‘जोसेफ रॉजर्स अँड सन्स, कटलर्स टू हिज मॅजेस्टी’ आणि ‘शेफील्ड, इंग्लंड’. नेटवर शोधलं तर या चिन्हाचं साल १७६४ सापडलं. म्हणजे पेशवाईतला वस्तरा?!

मुठीच्या दोन पट्ट्या दोन तऱ्हेच्या आहेत. एक पिवळट, हस्तिदंतासारखी दिसणारी, पण इतकी भेगाळलेली की बोट लावलं तर कपचे पडतात. तिला कापरासारखा, जरासा आंबूस वास येतो. दुसरी काळी, जाड, हाताने घासून केलेली. पातं गंजलंय, पण सगळीकडे नाही. मान आणि ठसा बऱ्यापैकी स्वच्छ आहेत. जेवढा भाग मिटल्यावर मुठीत जातो तेवढाच खाल्लाय, आणि तोही पिवळ्या पट्टीच्या अंगाने जास्त.

मला लाकडी मूठ करायची आहे. आमच्या जुन्या बैलगाडीच्या चाकाचा एक आरा शिल्लक आहे, बाभळीचा. त्यातूनच केली तर बरं वाटेल. एक मित्र म्हणतो, पातं दे, बफिंग मशीनवर धरून आरशासारखं करून देतो. देऊ का?

---

कानसगडी

मित्राला लांबूनच नमस्कार करा.

वस्तऱ्याची धार कागदापेक्षा पातळ असते. बफवर क्षणात तापते. पातं कडक करायला पाणी दिलेलं असतं ते २०० अंशांच्या पुढे उतरायला लागतं, निळी झाक दिसली म्हणजे ३०० च्या आसपास गेलं. मग कितीही घासा, धार टिकणार नाही. दुसरं म्हणजे फिरत्या चाकाने पातं हिसकलं तर ते कुठे जाऊन रुतेल याचा नेम नाही. मी तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, बफवर उडालेली वस्तू बघितलेली आहे.

हाताने करा. धारेला चिकटपट्टी लावा. पातं लाकडाच्या ठोकळ्यावर सपाट ठेवा. वॉटर पेपर ६०० पासून सुरू, मग १०००, २०००, सोबत थोडं तेल. हात नेहमी टोकाकडून मानेकडे, लांबीच्या दिशेने. धारेवरून आडवा हात फिरवायचा नाही. लाल गंज गेला पाहिजे, काळे डाग राहिले तर राहू देत. ठशावर पेपर मारू नका, तो एकदा पुसला की गेला.

---

बसल्याबसल्या

एवढा खटाटोप? ब्लेडची पुडी किराणा दुकानात मिळते हो.

---

धोकटी

@बसल्याबसल्या, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. म्हण आमच्यावरच आहे, त्यामुळे मी वापरली तर चालते.

---

शेफील्डकर

अकरा वर्षं याच गावात राहतोय, त्यामुळे या धाग्यावर न लिहिणं शक्य नव्हतं.

पेशवाई विसरा. १७६४ हे चांदणी आणि माल्टीज क्रॉस हे चिन्ह रॉजर्सना मिळाल्याचं साल, तुमच्या वस्तऱ्याचं नव्हे. पुढची दीडदोनशे वर्षं तेच चिन्ह ठोकलं जात होतं. साल काढायचं तर बाकीचे शब्द बघायचे. १८३७ ते १९०१ राणी व्हिक्टोरिया गादीवर, तेव्हा ‘हर मॅजेस्टी’ लिहीत. तुमच्याकडे ‘हिज’ आहे. मग १८३७ च्या आधीचा का नाही? कारण ‘इंग्लंड’. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्यात आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यानंतर इथल्या कारखान्यांत हा शब्द सर्रास ठोकला जाऊ लागला. दोन्ही मिळून १९०१ नंतरचा आणि १९५२ च्या आधीचा, कारण त्या वर्षी पुन्हा राणी आली. ठसा खरा आहे असं धरून बोलतोय. रॉजर्सच्या नकला भरपूर व्हायच्या. अक्षरं एकसारखी खोल आणि स्पेलिंग बरोबर आहे ना, ते भिंगातून बघा.

पिवळी पट्टी हस्तिदंत नाही, सेल्युलॉइड आहे. कापराचा वास हीच तिची ओळख, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर घालतातच. आणि तुमचा गंज तिनेच केलाय. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून नायट्रोजनची आम्लं करणारी वाफ निघते. मिटलेल्या मुठीत ती कोंडते आणि पात्याला आतून खाते. म्हणून मान स्वच्छ आणि पोट गंजलेलं. ती पट्टी आजच वेगळी करा. डब्यात बंद करू नका, दुसऱ्या लोखंडी वस्तूंजवळ ठेवू नका, आणि विस्तवापासून लांब. भसकन पेटते.

इथल्या केलम आयलंड संग्रहालयात हॉली संग्रह आहे, शेफील्डच्या हत्यारांचा आणि कटलरीचा. पातं घडवणारा वेगळा, घासणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. घासणाऱ्यांची छाती दगडाच्या धुळीने जायची, त्या रोगाला नावच ‘ग्राइंडर्स अस्थमा’ होतं. वस्तरा हातात घेतला की मला ते आठवतं.

---

माजघर

एक विचारू का? ती काळी पट्टी कुणी केली? कारखान्याची नाही म्हणताय, म्हणजे आबांनी किंवा गावातल्या कुणीतरी. मग त्या वस्तऱ्यात तुमच्या घराचं असं तेवढंच आहे. पातं शेफील्डचं, पिवळी पट्टी शेफील्डची. आणि तुम्ही नेमकी तीच काढून नवी बसवणार.

---

धोकटी

@माजघर, हे डोक्यात आलंच नव्हतं. आत्याला फोन केला.

तिला लख्ख आठवतंय. वस्तरा पाटलांच्या वाड्याच्या दगडी पायरीवर पडला आणि पिवळी पट्टी फुटली. नवी आणायला पैसे कुठले. आबांनी मेलेल्या म्हशीचं शिंग आणलं, उभं चिरलं, चुलीवर पातेल्यात दुपारभर उकळलं आणि मऊ झाल्यावर दोन पाट्यांमध्ये दाबून वर जात्याची तळी ठेवली. आत्या म्हणाली, “घरात असा वास सुटला होता की आईने त्या दिवशी भाकरी ओसरीवर थापल्या.” दुसऱ्या दिवशी चपट्या झालेल्या शिंगातून कानशीने पट्टी काढली.

---

शेफील्डकर

अहो, इथे हेच करायचे! शिंग गरम करून मऊ करायचं, साच्यात दाबायचं, थंड झालं की आकार पक्का. फरक एवढाच की इथे लोखंडी साचे होते आणि जातं नव्हतं.

---

माजघर

आता तर अजिबात काढू नका.

---

रंधा_पटाशी

भावना समजल्या, पण आधी पट्टीची अवस्था बघा. शिंगाला कीड लागते, थर सुटतात. वापरायचा असेल तर मूठ धड पाहिजे, गळ्यावर चालणारी वस्तू आहे. काचेच्या कपाटात ठेवायचा असेल तर खुशाल तशीच ठेवा.

लाकडाचं सांगतो. दाट, बारीक रेषेचं आणि पाणी न पिणारं हवं. आपल्याकडे शिसवी पहिल्या नंबरावर. टेंभुर्णीचा काळा गाभा मिळाला तर उत्तमच, पण तेवढा सलग तुकडा नशिबाने मिळतो. हळदू छान, पूर्वी फण्या त्याच्या करत. सागाची रेषा भरड, ३ मिलिमीटरवर आणलात की कडा तुटते. पांगारा सावंतवाडीच्या खेळण्यांना ठीक, इथे नको. बाभूळ चिवट, चांगली. पण चाकाच्या आऱ्याने आयुष्यभर हादरे खाल्लेले असतात आणि नंतर तो उन्हात पडलेला असतो. आत चीर असणारच. कापून बघा, मग बोला.

खिळे काढताना ठोकायचं नाही. खिळ्याचं डोकं कानशीने पूर्ण सपाट करायचं, वायसर (डोक्याखालची चकती) सुटा झाला पाहिजे, मग दीड मिलिमीटरच्या पंचाने हलकेच ढकलायचा. परत सांगतो, कानशीने.

---

कानसगडी

+१. आणि मागच्या टोकाला दोन पट्ट्यांमध्ये जी पाचर असते ती जुन्या इंग्लिश वस्तऱ्यांत बरेचदा शिशाची असते. राखाडी आणि नखाने ओरखडा उठणारी असेल तर शिसंच. कोरडी घासू नका, हात धुतल्याशिवाय चहाला जाऊ नका.

---

धोकटी

कबुलीजबाब.

काल रात्री खिळे काढले. एक पितळी, एक चक्क तारेचा तुकडा, तो आबांनीच घातलेला असणार. पितळी नीट निघाला. तारेचं डोकं मी अर्धवट घासलं, वाटलं निघेल, आणि हातोडीचा एक ठोका दिला. शिंगाची पट्टी भोकापासून दोन बोटं चिरली. ‘कट्’ असा बारीकसा आवाज आला. नंतर पाच मिनिटं मी तसाच बसून होतो.

माजघर, रागावू नका. आतून तशीही किडीने पोखरलेली होती, पाचरीच्या बाजूला थर सुटले होते. पण चीर किडीने पाडली नाही, ती मी पाडली.

पाचर शिशाची निघाली.

---

माजघर

रागावले नाही. आबांच्या हातूनही वस्तरा पडलाच होता की पायरीवर. पट्टीला दोऱ्याने बांधून ठेवा आणि तिच्यावरूनच नव्याचा आकार काढा.

---

रंधा_पटाशी

हे खरं सांगितलंत. तोच तुमचा साचा.

---

धोकटी

तीन आठवड्यांनी येतोय. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

आरा कापला. रंधा_पटाशी म्हणाले तेच झालं, गाभ्यात उभी चीर, दोन्हीकडच्या पट्ट्या कापतानाच उकलल्या. तुकडे फेकले नाहीत, ठेवलेत. मग ओळखीच्या सुतारांकडे मोडक्या शिसवी दिवाणाचा पाय मिळाला. त्यांनी पट्टीकरवतीवर त्यातून ४ मिलिमीटरच्या दोन फळ्या काढून दिल्या, रेषा लांबीला सरळ धरून. लाकूड बाहेरून कोळशासारखं होतं, कापल्यावर आत जांभळं, मधे तपकिरी शिरा. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, झाल्यावर दाखव.

दोन्ही फळ्या डबल टेपने एकमेकींवर चिकटवल्या, म्हणजे भोकं आणि कडा एकसारख्या येतात. वर शिंगाची पट्टी ठेवून पेन्सिलीने आकार काढला. तेव्हा लक्षात आलं की आबांची पट्टी खालच्या अंगाला जरा पोटाळ आहे, पिवळी तशी नव्हती. पातं मिटून बघितलं तर कारण कळलं. मानेजवळ धारेचा टाचेकडचा कोपरा पिवळ्या पट्टीतून केसभर बाहेर डोकावत असे. धोकटीत हात घालताना बोट कापू नये म्हणून त्यांनी तेवढं पोट ठेवलं होतं. मीही ठेवलं.

भोकं १.६ मिलिमीटरची, उभ्या ड्रिलने. हाताने पाडली असती तर तिरकी गेली असती. आकार कानशीने, मग पॉलिश पेपर. मधे ३ मिलिमीटर, कडांना दोनाच्या आसपास. आधी चष्म्याच्या दुकानातून आणलेल्या बारीक स्क्रू-नटांनी तात्पुरती जोडली. हे मात्र सगळ्यांनी करा. पातं मिटल्यावर मधोमध येतं का, धार लाकडाला घासते का, हे खिळा ठोकायच्या आधी कळतं. माझं डावीकडे झुकत होतं. शिशाची पाचर एका अंगाने चाकूने तासली, तेव्हा मधे आलं.

लाकडाला जवसाचं तेल, पातळ हात, रोज एक, असे आठ. वरून मेण.

खिळ्यांना पितळी तार. वायसर बाजारात सपाट मिळाले. सोनारांनी त्यांच्या खळग्यांच्या ठोकळ्यावर दोन टोले देऊन वाटीसारखे करून दिले. ऐरण म्हणून वाणसामानाच्या दुकानातलं दोन किलोचं जुनं वजन उलटं ठेवलं. तार वायसरच्या वर जेमतेम एक मिलिमीटर ठेवली, आणि लहान गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने टकटक. जोर नाही. आठदहा टोले, की उलटं करायचं, दुसऱ्या बाजूने आठदहा. हळूहळू तारेचं टोक मशरूमसारखं पसरतं आणि वायसरवर बसतं. एका खिळ्याला वीस मिनिटं लागली. शेजारच्या आजींनी विचारलं, “सुपारी फोडतोस का रे?”

---

तैलरंग

सुंदर झालंय काम! एक सूचना, मी चित्रं रंगवते म्हणून ठाऊक आहे. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या दोरीवर पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका. आठ हात दिलेत म्हणता, चिंध्या कुठे आहेत?

---

धोकटी

बाल्कनीत पिशवीत होत्या. आत्ता उठून पसरल्या. _/\\_

---

बसल्याबसल्या

बरं, मान्य. पण दाढी होते का त्याने?

---

धोकटी

तीच तर खरी गोष्ट राहिली. मूठ सोपी निघाली, धार अवघड.

चुलतभावाचं सलून आहे, त्याला म्हटलं लावून दे. तो हसला. त्याच्या वस्तऱ्यात अर्धं ब्लेड अडकवतात आणि गिऱ्हाईक उठलं की फेकतात. एड्सची भीती पसरली तेव्हापासून गिऱ्हाईक आधी नवं ब्लेड बघतं, मग मान टेकतं. अखंड पात्याला धार लावायला तो कधी शिकलाच नाही.

मग १०००, ३००० आणि ८००० चे दगड मागवले. आबांचा निसणा काचेवर वॉटर पेपर ठेवून सपाट करायला बसलो, अर्धाच झाला. ती बशी पडायला एक जन्म लागला असेल, निघायला दुसरा लागेल. वस्तऱ्यात एक शहाणपण आहे. दगडावर सपाट ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात, म्हणजे कोन पात्यातच घडवलेला असतो, हाताने सांभाळायला लागत नाही. मार्करने धार काळी करून घासलं तेव्हा मधली शाई गेली, टाच आणि टोक काळंच. १००० वर चार संध्याकाळी गेल्या. मुठीत गंजलेल्या भागात धारेपाशी दोन खड्डे होते, ते घासून जाईपर्यंत सोडता आलं नाही. पुढचे दोन दगड तासाभरात झाले.

गालावर ठीक चालला. हनुवटीवर दोन जागी रक्त.

---

कानसगडी

दगडानंतर चामोटीवर किती हात मारले?

---

धोकटी

नवा पट्टा घेतला, त्यावर दहाबारा.

---

कानसगडी

अहो, दहाबाराने काय होतंय! कापडावर तीसेक, चामड्यावर साठेक. पाठ पुढे, धार मागे. आणि वळवताना पातं पाठीवर उलटायचं, धारेवर नाही, नाहीतर पट्टा कापाल आणि धारही जाईल.

---

धोकटी

हे मी अण्णांना वाचून दाखवलं. ते पेपर वाचत होते. काही न बोलता उठले, पट्टा दाराच्या कडीला अडकवला, डाव्या हाताने ताणला आणि वस्तरा फिरवायला लागले. जाताना सपक, येताना सपक, टोकाशी पातं पाठीवर अलगद उलटायचं, बघायची गरजच नाही. मी विचारलं, तुम्ही तर धंदा केला नाही? म्हणाले, “शाळेत जायच्या आधी आबांचे दोन वस्तरे परजून द्यायचे, मग डबा मिळायचा.”

पन्नासच्या पुढे गेल्यावर मी मोजणं सोडलं. मग त्यांनी वस्तरा मिटला, उघडला, परत मिटला, कानाशी नेऊन ऐकला, आणि निकाल दिला. पाचर जाड झालीय, मूठ मागे फाकते, त्यामुळे पुढे खिळ्याशी पातं सैल खेळतं. हनुवटीवर म्हणूनच लागलं. लाकूड पिवळ्या पट्टीइतकं वाकत नाही, त्याला पाचर पातळ लागणार.

तर दोन प्रश्न. शिशाची पाचर आणखी तासू, की लाकडाची नवी करू? आणि लाकडाची केली तर मूठ हलकी पडेल का?

---

रंधा_पटाशी

अण्णांना साष्टांग. शिसं आणखी तासलंत तर ते वेडंवाकडं दबेल, लाकडाची करा. वजन थोडं कमी होईल, पण शिसवी मुळात जड, त्यामुळे फार जाणवणार नाही. दोन्ही दिशांनी निमुळती करा, टोकाकडे जाड, आत पातळ. एवढ्याशा तुकड्याला चीर नसलेलं लाकूड सहज मिळतं.

---

धोकटी

आऱ्याचे तुकडे ठेवलेत ना, त्यात चीर नसलेला अंगठ्याएवढा भाग निघतोय. बाभळीचीच करतो. आज खिळा काढायला घेतला, कानशीने. अण्णा समोर बसलेत, हातोडी त्यांच्या मांडीवर आहे.